डाव्या खांद्याचा कच्चा टाका

संपादक म्हणाले, "रंगभूमीच्या आठवणी लिहा." मी म्हटलं, रंगभूमी मी पाहिलेली नाही. ते हसले. त्यांना वाटलं म्हातारी विनय दाखवतेय. विनय माझ्या अंगात कधीच नव्हता. कॉलेजच्या नाट्यवर्गात नोकरीला लागल्यावर पहिली काही वर्षं मी खरोखरच एकही नाटक पाहिलं नाही. नाटक चालू असायचं तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून बसलेली असायची. तोंड दाराकडे. मला पगार त्याचाच मिळायचा.

मी चौथी पास. नवरा इथे इंदूरच्याच गिरणीत कपडा विणायच्या खात्यात होता, छातीच्या दुखण्यानं गेला. शिवणाचं मशीन होतं, त्यावर माझं पोट चालत होतं. मूलबाळ नव्हतं. तेव्हा आपलं राज्य मध्यभारत होतं. आताच्या मुलांना ते नावही ठाऊक नाही. त्या दिवसांत एका कॉलेजनं संध्याकाळी नाट्याचा वर्ग काढला. कॉलेजचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. नाटक ही शिकायची गोष्ट आहे, तिची परीक्षा होते, हे ऐकून आमच्या गल्लीतली माणसं हसली होती. आवाज कसा लावायचा, स्टेजवर चालायचं कसं, रंग कसा लावायचा, पडदे आणि दिवे कसे बांधायचे, असं सगळं शिकवत. वर्षातून एक पूर्ण नाटक बसवून त्याचे खेळ करायचे, तीच परीक्षा. आणि वर्गात मुली घ्यायच्या होत्या. मुली येणार म्हटल्यावर पालक विचारणार, तिथे बाईमाणूस कोण आहे? म्हणून मला बोलावलं.

प्रिन्सिपॉलांनी विचारलं, "तुम्हाला काय येतं?"

"शिवण येतं. माणसं ओळखता येतात."

"नाटकाची आवड?"

"नाही."

"मग ठीक आहे," ते म्हणाले.

कागदावर माझं काम कपडेपट सांभाळायचं होतं. खरं काम संशय घ्यायचं. मुलींच्या रंगायच्या खोलीला एकच दार. त्या दारात माझी खुर्ची. आत कोण आलं, बाहेर कोण गेलं, कुणाच्या ओच्यात काय आहे, हे बघायचं. खेळाच्या दिवशी तर दाराशी जत्राच असायची. प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या मुलीचा भाऊ. मी एकच विचारायची, "घरी हिला काय म्हणतात?" खऱ्या भावाला लाडाचं नाव चटकन येतं. बाकीचे "अरे मावशी, अपन तर ऐसे ही..." करत पाय मागे घ्यायचे. एकदा एक मोठे देणगीदार आले. त्यांना मुलींना आत जाऊन आशीर्वाद द्यायचा होता. मी त्यांना बाहेर खुर्ची दिली आणि म्हटलं, बसा, त्या आशीर्वाद घ्यायला बाहेर येतील. पूर्ण अंकभर ते बसून राहिले. कोणी आलं नाही, कारण मी कोणाला सांगितलंच नव्हतं. एका मुलीची आई खेळ संपला की आत यायची आणि लेकीच्या गालावर अंगठा घासून बघायची, रंग निघतो की नाही. तिचं मला पटायचं.

कपडेपटातलं मुख्य काम म्हणजे टाके. बाहेरच्यांना हे माहीत नसतं. नऊवारीला कासोटा असतो, ती जागची हलत नाही. गोल पातळाचा पदर मात्र सरकतो. घरात सरकला तर आपण सावरतो. स्टेजवर मुलीचा हात सारखा पदराकडे गेला की लोक तिचं बोलणं सोडून हाताकडे बघतात. पिन लावली तर पुढच्या दिव्यांत ती चमकते. म्हणून पदर खांद्यावर पोलक्याला शिवूनच टाकायचा. मुलगी उभी, मी तिच्यामागे, पातळाच्या रंगाचा दुहेरी दोरा, आतल्या बाजूनं टाके आणि शेवटी वेढे देऊन माझी जाड गाठ. खेळ संपला की मी कात्रीनं तो दोरा कापायची. माझी गाठ मी कुठेही ओळखते. टाके घालून सोडलेली मुलगी परत आली की आधी खांदा तपासायचा. गाठ माझी असेल तर कपड्याला कुणाचा हात लागलेला नाही.

हे तपासणं मला का करावं लागलं, तेही सांगते. साधी मुलगी खोटं बोलली तर डोळ्यांत दिसतं. इथे डोळेच तयार करत होते. आमचे सर पुण्याहून शिकून आलेले, उंच, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. त्यांचा रडण्याचा एक तास असायचा. मी दाराबाहेर बसून ऐकायची. "रडणं आलं पाहिजे, पण वाहता कामा नये," सर सांगायचे. "थेंब गालाच्या मध्यापर्यंत येऊ द्या. तिथे थांबवा. हनुवटीपर्यंत गेला तर रंग धुऊन निघतो." मुली आणि मुलगे बाकावर ओळीनं बसून थेंब थांबवायची तालीम करत. अशा लोकांचा चेहरा बघून मी काय ओळखणार? चेहऱ्यांचा नाद मी सोडला. दोऱ्यावर भरवसा ठेवला. दोऱ्याला तास नसतो.

आता शालनचं सांगते.

शालन भाऊसाहेबांची धाकटी लेक. भाऊसाहेबांचं घराणं होळकरांच्या दरबारात चाकरी केलेलं. संस्थान गेलं आणि ते मध्यभारताच्या सचिवालयात आले. त्या राज्याच्या राजधान्या दोन. उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. दिवाळी सरली की फायली पेट्यांत भरायच्या आणि सगळं सचिवालय ग्वाल्हेरला निघायचं. कारकून, अधिकारी, शिपाई, सगळे. काही जण बायकामुलं नेत, काही ठेवून जात. भाऊसाहेब ठेवून जायचे, कारण शालनचं कॉलेज होतं.

शालन सावळी, बारीक. एरवी कोणाच्या नजरेत न भरणारी. पण बोलायला लागली की दाराबाहेरचा शिपाई बद्रीलालसुद्धा बिडी विझवून ऐकायचा. तिला आयुष्यात दुसरं काही करायचं नव्हतं. मला म्हणायची, "मावशी, मी इथे येते तेवढाच वेळ जागी असते." मला असलं बोलणं आवडत नाही. पण ती थेंब न काढता म्हणाली होती, म्हणून लक्षात राहिलं.

भाऊसाहेबांनी तिला वर्गात घातलं ते माझ्या भरवशावर. पहिल्याच दिवशी ते माझ्या खुर्चीसमोर उभे राहिले. टोपी, कोट, हातात काठी.

"बाई, माझी एकच अट आहे. हिच्या अंगाला पुरुषाचा हात लागता कामा नये. नाटकात नाही, नाटकाबाहेर नाही. प्रत्येक खेळानंतर मी तुम्हाला विचारीन. तुम्ही खरं सांगायचं."

"आणि लागला तर?"

"तर मी हिला ग्वाल्हेरला बरोबर नेईन. तिथे स्वयंपाक शिकेल."

त्यांनी आवाज चढवला नाही. त्यावरून मला कळलं की हा माणूस नेईल.

मग प्रत्येक खेळानंतर ते टांग्याशी उभे राहून विचारायचे, "काय बाई, काही विशेष?" मी म्हणायची, "काही नाही." शालन टांग्यात बसायची. ते तसंच चालू होतं.

सरांनीही अट पाळली. नाटकातला नवरा तिच्यापासून लांबूनच बोलायचा. मुलींच्या घरच्या मंडळींना वाटायचं, काय आदर्श जोडपं आहे. पण एक गोष्ट सर विसरले होते, भाऊसाहेबही विसरले होते. मी विसरले नव्हते. त्या वर्षीच्या नाटकात सासू होती, आणि वर्गात मुली दोनच. एक सून, एक नणंद. सासूचं काम दत्तू करत होता.

दत्तू परदेशीपुऱ्यातला. बाप गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. घरात मराठी, गल्लीत हिंदी, म्हणून त्याची जीभ दोन्हीकडे पळायची. बावीसतेवीस वर्षांचा, दाढी निळसर दिसायची, तिच्यावर रंगाचे दोन थर द्यावे लागत. पण लुगडं नेसून, कपाळाला आडवं कुंकू लावून बसला की हुबेहूब कजाग बाई. त्याला लुगडं मी बाहेर गॅलरीत नेसवायची, चार लोकांच्या देखत. मुलींच्या खोलीत पाऊल टाकू द्यायची नाही.

"मावशी, अब तो मी बाई झालो ना? आत येऊ द्या की. आरसा तिकडे आहे."

"लुगडं नेसून कोणी बाई होत नाही. इथेच उभा राहा."

"भाऊसाहेब तर मला बघून नमस्कार करून राहिले होते त्या दिवशी!"

हे खरं होतं. तालमीच्या दिवशी अंधुक गॅलरीत भाऊसाहेबांनी त्याला कोणाची तरी आई समजून हात जोडले होते. सगळे हसले. मी हसले नाही. मी मनात नोंद केली की बापाला हा पुरुष दिसत नाही.

खेळ दिवाळीनंतर लगेच, भाऊसाहेबांचं ग्वाल्हेरला निघणं दोन दिवसांवर. कॉलेजचा हॉल भरला होता. भाऊसाहेब पुढच्या रांगेत. मी शालनला हिरवं पातळ नेसवलं, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, हिरव्या दोऱ्यानं दोन्हीकडे शिवला, गाठी मारल्या. दत्तूच्या टोपलीत त्याचं सामान भरून दिलं. दुसऱ्या अंकात सासू गोधडी शिवत बसते, म्हणून चिंध्या, कात्री आणि जाड पांढऱ्या दोऱ्याची ओवलेली सुई. मग दारात खुर्ची टाकून बसले. मागून टाळ्या ऐकू येत होत्या. दुसऱ्या अंकात एकदा मोठा हशा झाला आणि पाठोपाठ सगळा हॉल एकदम गप्प. असा गप्प की मला वाटलं काहीतरी मोडलं. मान वळवली नाही. माझं काम दाराचं.

खेळ संपला. शालन आत आली. मी कात्री घेऊन तिच्यामागे गेले. उजव्या खांद्यावर माझी गाठ. डाव्या खांद्यावर पांढरा दोरा.

दोऱ्याच्या शेवटची गाठ बोटांनी चाचपली. बारीक, चपटी. ती गाठ मला माझ्या गाठीइतकीच माहीत होती. मागावर सूत तुटलं की गिरणीतला माणूस दोन टोकं बोटांत धरतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत अशी गाठ मारतो, की कापडात ती लागत नाही. माझा नवरा पायजम्याच्या नाडीलाही हीच गाठ मारायचा. बायका ही गाठ मारत नाहीत. त्या खोलीत कोणी मारत नव्हतं.

"हे काय?" मी विचारलं.

आरशात तिनं माझ्याकडे बघितलं. "तुटला होता, मावशी. मीच घातला."

"डाव्या खांद्यावर, मागच्या बाजूनं, स्वतः?"

"हो."

"कधी?"

"मध्ये."

आरशातला चेहरा इतका शांत होता की कोणीही विश्वास ठेवला असता. सरांनी पहिल्या नंबरात पास केलेला चेहरा होता तो. मी पांढरा दोरा कापला. पोलक्यात माझ्या हिरव्या दोऱ्याचा तुकडा उरला होता, तोही उपसून काढला आणि दोन्ही मुठीत धरले. तिनं मूठ बघितली. मग तिचा चेहरा शांत राहिला नाही.

"मावशी, बाबांना..."

"चल. टांगा उभा आहे."

बाहेर भाऊसाहेब खुशीत होते. लोक येऊन त्यांना मुलीबद्दल चांगलं बोलत होते. ते माझ्याकडे वळले.

"काय बाई, काही विशेष?"

मुठीत दोरे होते. हो म्हटलं तर मुलगी परवा ग्वाल्हेरला. नाही म्हटलं तर मी खोटी, आणि माझी खुर्ची फुकटची. मी म्हटलं, "उद्या घरी येते. तेव्हा सांगते."

त्यांची काठी जागीच थांबली. शालन टांग्यात बसली होती. तिनं पदर डोक्यावरून घेतला, थंडी नसताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी कॉलेजात गेले. माझा हिशोब असा होता: सुई दत्तूच्या हातात होती, गाठ गिरणीची, म्हणजे टाका दत्तूनं घातला, एवढं नक्की. कुठे घातला, हा प्रश्न. खोलीत नाही, दारात मी होते. राहिली विंग, म्हणजे पडद्याच्या बाजूची अंधारी गल्ली. तिथे उभं राहून मुलीच्या खांद्यावर टाके घालणं म्हणजे भाऊसाहेबांना काय वाटणार हे मला वेगळं सांगायला नको होतं.

बद्रीलाल त्याच गल्लीत पडद्याची दोरी धरून उभा असायचा. त्याला विचारलं.

"बाईजी, म्हने तो कंई नी देख्यो," तो म्हणाला. "म्हारी आंख तो दोरी पे रेवे." त्यानं काहीच पाहिलं नाही, त्याचे डोळे म्हणे दोरीवरच असतात. शालनसाठी बिडी विझवणारा माणूस हा. मी त्याला बाद केलं.

दत्तू पायऱ्यांवर बसून शेव खात होता. मला बघून उभा राहिला.

"शालनच्या खांद्याला टाका तू घातलास?"

त्यानं शेव गिळली. "हो."

एवढ्या लवकर कबूल होणाऱ्या माणसाचा मला जास्त संशय येतो. "कुठे?"

"स्टेजवर."

"स्टेजवर कुठे? विंगेत?"

"विंगेत नाही मावशी, स्टेजवर. बीच में. दिव्यात. मी गोधडी शिवत होतो, ती माझ्यासमोर बसली होती, पाठमोरी, वेणीचा सीन. बघतो तर पदर खाली येऊन राहिला. ती हात लावू शकत नव्हती, हातात तबक होतं. मग मी काय करणार? सुई होतीच. घातला टाका."

"बोलता बोलता?"

"बोलता बोलता. संवाद सोडला नाही एक पण."

"कोणी बघितलं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "काय मावशी! सगळ्यांनी."

मला हे पटलं नाही. कोणाला पटेल? मी सरांकडे गेले. सर म्हणाले, "हो हो, अप्रतिम! मला वाटलं दत्तूनं स्वतःच नवीन भर घातली." पण सरांना आपला वर्ग वाचवायचा होता. मुलगी गेली तर नाटक गेलं. सर तर या सगळ्यांचे गुरू. दोघांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे ती खरी असते असं नाही. दोघांची तालीम झालेली असू शकते.

पायऱ्यांवर ऊन होतं. मी मुठीतले, म्हणजे आता पुडीतले, दोरे काढून बघितले. माझा हिरवा दोरा बघितला. ताण बसून तुटलेल्या दोऱ्याचं टोक पिंजलेलं असतं, केसर सुटल्यासारखं. हे टोक साफ होतं. कात्रीचं.

दोरा तुटला नव्हता.

मग मी रामबागेत भाऊसाहेबांच्या घरी गेले. ओसरीवर पेट्या बांधून ठेवलेल्या होत्या. एक पेटी उघडी होती, तिच्यात अजून काही घातलेलं नव्हतं. कोणासाठी आहे ते मी विचारलं नाही. शालननं चहा आणला. कप बशीत वाजत होता. कप ठेवून ती आत गेली, पण फार आत गेली नाही, पडद्याखाली तिची पावलं दिसत होती.

"बोला बाई," भाऊसाहेब म्हणाले.

मी कितीतरी जणांना बोलतं केलंय, पण त्या दिवशी शब्द शोधावा लागला. या गावात नाट्यवर्गाशी संबंध नसलेला आणि पुढच्या रांगेत बसलेला एकच साक्षीदार मला ठाऊक होता, आणि तो समोर बसून चहा पीत होता. मी म्हटलं, "भाऊसाहेब, मी नाटक बघत नाही. दाराशी असते. काल दुसऱ्या अंकात हॉल एकदम गप्प झाला. काय झालं होतं?"

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला आणि त्यांचा चेहराच बदलला. "अहो, तुम्ही ते बघायला हवं होतं! सासू सुनेला एवढं टाकून बोलते, माहेर काढते, आणि बोलता बोलता तिचा उसवलेला पदर शिवते. 'पदर सांभाळायला शिकवलं नाही वाटतं आईनं!' लोक हसले. मग टाका घालून झाल्यावर खाली वाकली आणि दोरा दातानं तोडला. तेव्हा कोणी हसलं नाही. मला माझी आई आठवली. ती अशीच. तोंडानं जाळायची आणि हातानं शिवायची." त्यांनी कप जरा बाजूला सरकवला. "मी एकटाच उभा राहून टाळ्या वाजवल्या. शोभलं नाही, पण वाजवल्या."

पडद्याखालची पावलं हलली नाहीत.

म्हणजे टाका स्टेजवर घातला हे खरं. बापानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, टाळ्या वाजवल्या, आणि तो हात पुरुषाचा आहे हे त्याच्या मनातही आलं नाही. पण दोरा कापलेला होता. कात्री टोपलीत होती, टोपली दत्तूजवळ, पाठ शालनची. त्यानं कापला, की तिनं आधीच कापून घेतला, की दोघांचं ठरलं होतं? आणि टोपलीत कात्री असताना माणूस दोरा दातानं का तोडतो? तेही मानेजवळ?

"तुम्ही काही सांगणार होता," भाऊसाहेब म्हणाले.

मी विचार केला तो असा. मला नेमलं होतं पडद्यामागचं बघायला. पडद्यामागे काही घडलं असतं तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं, शालन माझ्या पायावर पडली असती तरी. पण हे पडद्यापुढे घडलं होतं, दिव्यात, सगळ्या गावाच्या आणि बापाच्या देखत. पुढचं बघायला भाऊसाहेब स्वतः बसले होते. त्यांना जे दिसलं नाही ते दाखवणं माझ्या कामात येत नव्हतं.

"गोधडीचा दोरा फार जाड आहे," मी म्हटलं. "पातळाला भोकं पडतात. कॉलेजकडून बारीक दोरा मागवून घ्या, तुमचा शब्द ते ऐकतील."

"एवढ्यासाठी आलात?"

"एवढ्यासाठीच."

ते हसले, म्हणाले, बाई, तुमच्यासारखी बारकाईची माणसं राहिली नाहीत. उघडी पेटी त्यांनी पायानं भिंतीकडे सरकवली. दुसऱ्या दिवशी ते एकटे ग्वाल्हेरला गेले. शालननं मला फाटकापर्यंत पोचवलं, पण तिनं आभार मानले नाहीत, आणि मीही मानू दिले नसते. मी एवढंच म्हटलं, "परत खोटं बोलायचं तर डाव्या खांद्याच्या पाठीमागचं बोलू नकोस. उजव्या हाताला तिथे पोचता येत नाही."

शालन वर्गाची दोन्ही वर्षं पुरी करून पास झाली.

पण तेवढ्यावर भागलं नाही. सरांना तो टाका इतका आवडला की त्यांनी तो नाटकातच ठेवला. मला येऊन म्हणाले, "बाई, पुढच्या खेळापासून शालनचा डावा टाका कच्चा ठेवा. दुसऱ्या अंकात सुटला पाहिजे." ज्या कामासाठी मला नेमलं होतं त्याच्या बरोब्बर उलटं काम मला मिळालं. मी कच्चा टाका घालायला लागले. आणि त्याच दिवशी मी खुर्ची उचलून विंगेच्या तोंडाशी फिरवली, दाराकडे पाठ, स्टेजकडे तोंड. सर म्हणाले, "वा बाई, शेवटी नाटकाची गोडी लागली!" गोडी कसली. मला हात बघायचे होते.

म्हणून मी पाहिलेलं पहिलं नाटक ते. बाकीच्यांच्या वाक्यांकडे माझं लक्ष नव्हतं. सासू सुई उचलते, सुनेच्या खांद्याशी हात नेते. नीट बघितलं. बोटं पातळाच्या बाहेर केसभरही गेली नाहीत. असा स्वच्छ हात मी शिंप्यांचाही बघितलेला नाही. पण खेळागणिक टाके वाढत गेले. पहिल्यांदा दोन असतील, पुढे इतके झाले की त्यांना वाक्यं पुरेनात. सर वाक्यं वाढवून द्यायचे. दोरा दातानंच तुटायचा. कात्री टोपलीत तशीच. आणि शालन, सासूला पाठमोरी, लोकांकडे तोंड करून बसलेली. विंगेतून मला तिच्या चेहऱ्याची एकच बाजू दिसायची. त्या चेहऱ्यावर काय आहे ते मला वाचता आलं नाही.

नाटकाबाहेर त्यांना एकत्र चहा पितानाही मी पाहिलं नाही. आणि मी बघत होते.

पुढे मध्यभारत राज्य मोडलं, कचेऱ्या भोपाळला गेल्या, भाऊसाहेबांचं घरही गेलं. शालनचं लग्न तिकडेच झालं, वडिलांनी बघितलेल्या मुलाशी. ती शाळेत मुलांची नाटकं बसवायची. दत्तू सांवेर रोडच्या एका कारखान्यात लागला, कामगारांच्या नाटकांत सासवा करत राहिला. लग्न त्याचंही झालं. चार वर्षांपूर्वी तो गेला. नाट्यवर्ग तर त्याच्या फार आधी बंद पडला. मी वर्ग बंद होईपर्यंत खुर्चीवर होते. कोणावरही पूर्ण विश्वास न ठेवता निवृत्त झाले, आणि त्याची मला लाज वाटत नाही. एवढंच वाटतं की खुर्ची एक खेळ आधी फिरवायला हवी होती.

आता मी विजयनगरात भाच्याच्या फ्लॅटवर असते. गेल्या वर्षी शालन आली होती. केस पांढरे, चष्मा, पाय दुखतात म्हणून लिफ्टचं कौतुक. कोणाच्या तरी लग्नाला इंदूरला आली होती, पत्ता शोधत आली. चहा झाला. दत्तू गेल्याचं तिला माहीत होतं. कसं, ते मी विचारलं नाही. दुसरंच विचारलं. माझं वय असं आहे की पुढच्या खेपेवर काही ठेवता येत नाही.

"शालन, पहिल्या खेळाला तो दोरा तुटला नव्हता. कापला होता. तू कापलास की त्यानं?"

तिनं कप खाली ठेवला. आवाज न करता ठेवला, बशीसुद्धा वाजली नाही.

"तुटलाच होता, मावशी," ती म्हणाली.

आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. डाव्या डोळ्यातून एक थेंब निघाला. मी रुमाल दिला नाही, बघत राहिले. थेंब सुरकुत्यांमधून वाट काढत गालाच्या मध्यापर्यंत आला, आणि सर सांगायचे तिथेच थांबला.